‘अरिष्टनेमी’ हे नाव मुलाला ठेवावे का? अर्थ आणि मूळ यांविषयी विचारणा

नवपालक (प्रश्न)

नमस्कार. तीन आठवड्यांपूर्वी आम्हाला मुलगा झाला. बारसे सव्वा महिन्यानंतर करायचे ठरले आहे, पण नावावरून घरात आत्ताच मतभेद सुरू झाले आहेत.

माझे वडील रोज सकाळी स्नान झाल्यावर अथर्वशीर्ष म्हणत असत. त्याच्या आरंभी जो शांतिमंत्र आहे, त्यात ‘स्वस्ति नस्तार्क्ष्यो अरिष्टनेमिः’ अशी ओळ येते. अर्थ कळण्याचे वय नव्हते, तेव्हापासून तो शब्द माझ्या कानात बसलेला आहे. वडील आता नाहीत. मुलगा झाल्याचे कळले, तेव्हा पहिल्यांदा आठवला तो हाच शब्द, आणि मुलाचे नाव ‘अरिष्टनेमी’ ठेवावे असे मी घरी सुचवले. पत्नीला ते आवडले. आई मात्र बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “ज्या घरात अरिष्ट टळावे म्हणून देवाला हात जोडतो, त्याच घरात रोज अरिष्टाला हाक मारून बोलवायचे का?” या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही.

मुलांच्या नावांच्या याद्या देणारी काही संकेतस्थळे पाहिली. एका ठिकाणी या नावाचा अर्थ ‘गरुड’ असा दिला आहे, दुसऱ्या ठिकाणी ‘विष्णू’, तिसऱ्या ठिकाणी ‘न मोडणाऱ्या चाकाचा’, तर चौथ्या ठिकाणी ‘बाविसावे जैन तीर्थंकर’ एवढेच लिहिले आहे. हे चार अर्थ एकाच शब्दातून कसे निघाले, याचा खुलासा कोणीही केलेला नाही.

जाणकारांना माझे विचारणे असे आहे की, या नावाची फोड नेमकी कशी होते. त्यातला ‘अरिष्ट’ आणि आपण मराठीत ‘अरिष्ट ओढवले’ म्हणतो तो ‘अरिष्ट’ हे दोन्ही एकच आहेत का. आणि हे नाव मुळात वैदिक आहे की जैन परंपरेतले? आईला समजावता येईल असे उत्तर मिळाले तर उत्तमच, परंतु तिचेच म्हणणे बरोबर असेल तर तेही स्पष्ट सांगावे.

धातुपाठ

आपल्या मातोश्रींचा आक्षेप आजच्या मराठीपुरता अगदी रास्त आहे. परंतु हे नाव ज्या काळात घडले, त्या काळात ‘अरिष्ट’ हा शब्द जवळजवळ उलट अर्थाने वापरला जात होता, म्हणून प्रथम फोड पाहू.

‘रिष्’ या धातूचा अर्थ इजा होणे, नुकसान पोचणे. त्यापासून ‘रिष्ट’ म्हणजे इजा पोचलेले आणि नकारार्थी ‘अ’ लागून ‘अरिष्ट’ म्हणजे इजा न पोचलेले, धडधाकट, सुखरूप. ‘नेमि’ म्हणजे चाकाचा बाहेरचा गोल घेर, ज्यात आरे येऊन बसतात. ‘अरिष्ट आहे नेमि ज्याची, तो अरिष्टनेमि’ असा हा बहुव्रीही समास आहे. त्यामुळे नावाचा अर्थ ‘न मोडणारे चाक’ असा नसून ‘ज्याच्या चाकाचा घेर अभंग आहे असा’ म्हणजे पर्यायाने ज्याचा रथ वाटेत मोडत नाही असा होतो.

आज आपल्याला यात विशेष काही वाटत नाही, कारण चाक मोडण्याची भीती आपल्या रोजच्या जगण्यातून गेली आहे. लाकडाच्या चाकाला रस्त्याचा प्रत्येक धक्का आधी घेरावर सोसावा लागतो. घेर फुटला की आरे निखळतात आणि आरे निखळले की रथ जागच्या जागी बसतो, मग तो रणात असो वा रानात. ऋग्वेदात इंद्राचे वर्णन करताना ‘अरान्न नेमिः परि ता बभूव’ (१.३२.१५) असे म्हटले आहे. घेर जसा सगळ्या आऱ्यांना कवेत घेतो, तसे इंद्राने सर्व प्रजांना कवेत घेतले आहे, असा त्याचा भाव. ‘नेमि’ हा शब्द त्या काळी केवळ सुतारकामातला राहिलेला नव्हता, हे यावरून दिसते.

आता आपल्या वडिलांच्या तोंडची ओळ. ती ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील ८९ व्या सूक्ताची सहावी ऋचा आहे. तिच्यात इंद्र, पूषा, तार्क्ष्य आणि बृहस्पती यांच्याकडे कल्याण मागितले आहे आणि ‘अरिष्टनेमि’ हे तार्क्ष्याचे विशेषण आहे. दहाव्या मंडलातील १७८ वे सूक्त तर तार्क्ष्याचेच असून तिथेही त्याला रथांना पार नेणारा, वेगवान आणि ‘अरिष्टनेमि’ म्हटले आहे. त्या सूक्ताचा ऋषी म्हणून परंपरेने जे नाव नोंदले आहे, तेही अरिष्टनेमि तार्क्ष्य असेच आहे. हाच शब्द अश्विनीकुमारांच्या रथालाही लावलेला आढळतो (१.१८०.१०). ऋग्वेदातला तार्क्ष्य हा बहुधा वेगवान दिव्य अश्व असावा. पुढच्या वाङ्मयात तार्क्ष्य म्हणजे गरुड हे समीकरण रूढ झाले आणि गरुडामागोमाग विष्णूही आला. संकेतस्थळांवरच्या पहिल्या दोन अर्थांचा उगम हा असा आहे. ते शब्दाचे अर्थ नाहीत, शब्द ज्यांना लावला गेला त्यांची ती नावे आहेत.

‘अरिष्ट’ हा शब्द त्या काळी शुभ होता, याला आणखी दोन भक्कम पुरावे आहेत. ‘अरिष्टाः स्याम तन्वा सुवीराः’ (१०.१२८.३) म्हणजे ‘आम्ही शरीराने अरिष्ट असावे आणि आम्हाला उत्तम वीरपुत्र असावेत’ अशी प्रार्थना ऋग्वेदात आहे, ‘अरिष्ट’ म्हणजे संकट असते, तर असे मागणे कोणी मागितले नसते. दुसरा पुरावा पाणिनीचा. ‘शिवशमरिष्टस्य करे’ (४.४.१४३) या सूत्रात त्याने शिव, शम् आणि अरिष्ट हे तीन शब्द एका ओळीत बसवले आहेत. ‘शिवताति’ म्हणजे कल्याण करणारा, तसाच ‘अरिष्टताति’ म्हणजे सुखरूप ठेवणारा. पाणिनीने ज्यांच्या शेजारी हा शब्द बसवला, ते शेजारी पाहिले तरी पुरे.

मग संकटाचा अर्थ आला कुठून? अमरकोशाच्या काळापर्यंत दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदत होते. ‘अरिष्टे तु शुभाशुभे’ असे अमरसिंहाने स्वच्छच नोंदले आहे. आयुर्वेदात रोग्याच्या मृत्यूची पूर्वचिन्हे सांगताना ‘अरिष्ट’ हा शब्द पारिभाषिक झाला आणि चरकसंहितेचे बारा अध्यायांचे इंद्रियस्थान त्याच चिन्हांच्या विचाराला वाहिलेले आहे. भयंकर गोष्टीला तिच्या नावाने हाक मारू नये, उलट एखादे मंगल नाव द्यावे, या जुन्या सवयीतून हा अर्थ पालटला असावा, असा माझा तर्क आहे. आपणही नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटली तरी ती ‘वाढवली’ असे म्हणतो. घराबाहेर पडताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. आणि ज्या रोगाने गावेच्या गावे ओस पडत, त्याला आपण ‘देवी’ म्हणत आलो. रौद्र रुद्राला ‘शिव’ म्हणणे हेही त्यातलेच. अशा शब्दांचे एक दुर्दैव असते. झाकण्यासाठी वापरलेले मंगल नाव काही पिढ्यांनी ज्या गोष्टीवर घातले तिचाच रंग घेते, आणि मराठीच्या वाट्याला ‘अरिष्ट’ हा शब्द आला तो हा रंग चढल्यानंतर.

सारांश द्यायचा तर, शब्द एकच आहे, अर्थ दोन आहेत आणि आपल्या नावात त्यातला जुना अर्थ आहे.

पंचांगवाचक

वरील विवेचन विद्वत्तापूर्ण आहे, त्याबद्दल वाद नाही. तरीही मी आजींच्या बाजूने लिहितो, कारण त्यांच्या मनातली भीती केवळ ‘संकट’ या सर्वसाधारण अर्थाची नसावी. ज्योतिषात ‘बालारिष्ट’ नावाचा स्वतंत्र विचार आहे. जन्मकुंडलीतील काही योग बालकाच्या जिवाला धोका दाखवतात असे मानले जाते आणि त्याच योगांना बालारिष्ट म्हणतात. ते टळण्याचे योग असतील तर त्याला ‘अरिष्टभंग’ म्हणतात. ज्या पिढीने घरात तान्ही मुले दगावलेली पाहिली किंवा ऐकली, त्या पिढीला पाळण्याशेजारी हा शब्द नको वाटणे स्वाभाविक आहे. आपण ज्योतिष मानता की नाही, हा मुद्दाच नाही.

दुसरे असे की, पाच अक्षरांचे नाव कोणी पूर्ण उच्चारत नाही. शाळेतली मुले त्याचे पहिल्याच आठवड्यात दोन तुकडे करतील आणि हाती येईल तो पुढचा तुकडा उचलतील. ‘अरिष्ट आले’ हा विनोद मुलाला किती वर्षे ऐकावा लागेल, याचा विचार आपण करावा. पाणिनीचे सूत्र त्याच्या मदतीला वर्गात येणार नाही.

उज्जयंत

मी जैन घरातला आहे. आमच्याकडे हे नाव मुळीच अपरिचित नाही, फक्त ते पूर्ण रूपात क्वचित ठेवले जाते. नेमिनाथ, नेमचंद, दक्षिण महाराष्ट्रात नेमगोंडा ही सगळी त्याच नावाची रूपे आहेत. बाविसावे तीर्थंकर भगवान नेमिनाथ यांचे मूळ नाव अरिष्टनेमी, प्राकृतात ‘अरिट्ठनेमि’.

परंपरेप्रमाणे ते शौरीपूरचे राजे समुद्रविजय आणि शिवादेवी यांचे पुत्र. समुद्रविजय हे वसुदेवांचे वडील बंधू असल्यामुळे नेमिनाथ श्रीकृष्णाचे चुलतभाऊ होतात. त्यांचे लांछन, म्हणजे मूर्तीवरचे ओळखचिन्ह, शंख आहे आणि वर्ण सावळा. नावाची आमच्याकडची उपपत्ती मात्र वर दिलेल्या फोडीपेक्षा वेगळी आहे. बाळ गर्भात असताना मातेला स्वप्नात रिष्टरत्नांचा, म्हणजे काळ्या रत्नांचा, चक्राचा घेर वर चढताना दिसला, म्हणून मुलाचे नाव अरिष्टनेमी ठेवले असे सांगतात. सावळा वर्ण आणि काळे रत्न यांची सांगड त्यात आपोआप बसते. शिवाय त्या घरात ‘नेमि’ हा शब्द एकट्या मुलापुरता नव्हता. भावांची नावे रथनेमि, सत्यनेमि, दृढनेमि अशी आढळतात. एकाच कुटुंबात चाकाच्या घेरावरून इतकी नावे ठेवली गेली, ही गोष्ट मला लहानपणी फार गमतीची वाटे.

त्यांच्या चरित्रातला सर्वांना ठाऊक असलेला प्रसंग विवाहाचा. उग्रसेनाची कन्या राजीमती हिच्याशी विवाह ठरला, वरात निघाली आणि वाटेत कोंडलेल्या पशूंचा आक्रोश नेमिकुमारांच्या कानी आला. हे पशू लग्नाच्या जेवणावळीसाठी आणले आहेत असे सारथ्याकडून कळताच त्यांनी पशूंना सोडवले, अंगावरचे अलंकार उतरवून सारथ्याला दिले आणि ते परत फिरले. पुढे गिरनारवर, ज्याचे जुने नाव उज्जयंत, त्यांची दीक्षा, केवलज्ञान (संपूर्ण ज्ञान) आणि निर्वाण ही तिन्ही कल्याणके, म्हणजे तीर्थंकरांच्या आयुष्यातले मंगल प्रसंग, झाली. राजीमतीनेही दीक्षा घेतली. उत्तराध्ययन सूत्राच्या बाविसाव्या अध्ययनात ही कथा आहे आणि त्यात राजीमतीने मोहात पडलेल्या रथनेमीला जे खडे बोल सुनावले आहेत, ते तर मुळातूनच वाचावेत.

वैदिक की जैन, या प्रश्नावर मला असे वाटते की, वेदातल्या त्या ऋचेत तीर्थंकरांचा उल्लेख आहे असे आमच्यातले काही जण आग्रहाने मांडतात, परंतु ऋचेचा सरळ अर्थ घेतला तर तिथे हा शब्द तार्क्ष्याचे विशेषण म्हणूनच आला आहे. नाव जुने होते आणि ते दोन्ही परंपरांनी आपापल्या परीने जपले, असे म्हणणे मला अधिक प्रामाणिक वाटते. आजींना एक गोष्ट अवश्य सांगा. नेमिनाथांची यक्षी, म्हणजे त्यांची सेवा करणारी रक्षक देवता, अंबिका ही मुलांना सांभाळणारी माता मानली जाते. वेरूळच्या इंद्रसभा लेण्यात आम्रवृक्षाखाली सिंहावर बसलेली तिची मूर्ती आहे. नावाच्या मागे अशी आई उभी असताना बालारिष्टाची भीती कशाला बाळगायची?

धातुपाठ

उज्जयंत यांनी दिलेली रत्नाची उपपत्ती मी विसरलोच होतो; त्यांचे आभार. पंचांगवाचक यांनी बालारिष्टाचा विषय काढला आहे म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ती पहिल्या उत्तरातच यायला हवी होती.

संस्कृतात ‘अरिष्ट’ या शब्दाचा आणखी एक अर्थ ‘बाळंतिणीची खोली’ असा आहे. अमरकोशातली ओळ ‘अरिष्टं सूतिकागृहम्’ अशी आहे. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात कालिदासाने रघूच्या जन्माचे वर्णन करताना हाच शब्द वापरला आहे. ‘अरिष्टशय्यां परितो विसारिणा’ अशा शब्दांनी सुरू होणाऱ्या त्या श्लोकाचा (३.१५) आशय असा की, बाळंतिणीच्या शय्येभोवती त्या नवजात बालकाचे तेज असे पसरले की, मध्यरात्री तेवणारे दिवे एकाएकी फिके पडून चित्रात काढल्यासारखे दिसू लागले. ज्या खोलीत आई आणि मूल दोघांनाही इजा पोचू नये अशी सर्वांची इच्छा असते, त्या खोलीला ‘इजाविरहित’ असे नाव देण्यामागचे मन कोणाही आजीला पटकन कळेल.

हा शब्द किती ठिकाणी जाऊन बसला आहे, हे पाहून आश्चर्य वाटते. कडुनिंब, लसूण, ताक आणि कावळा या सर्वांना संस्कृत कोशांत ‘अरिष्ट’ म्हटले आहे. आपला ‘रिठा’ हाही ‘अरिष्टक’ या शब्दाचेच झिजलेले रूप आहे. वैद्यांची अरिष्टे तर सर्वांच्या परिचयाची आहेत. औषधींचा काढा करून तो आंबवला की अरिष्ट आणि न उकळता आंबवले की आसव, असा आयुर्वेदाचा ग्रंथकार शार्ङ्गधर याने भेद सांगितला आहे. बाळंतिणीला दशमूलारिष्ट देताना त्या नावातल्या अरिष्टाला कोणी घाबरल्याचे मी तरी ऐकलेले नाही. अर्थात, कृष्णाने मारलेला बैलाच्या रूपातला दैत्यही अरिष्टच होता, हेही प्रांजळपणे नोंदवून ठेवतो.

महाभारतातले दोन संदर्भ राहिले. अज्ञातवासात विराटाच्या दरबारी आलेला सहदेव स्वतःची ओळख ‘वैश्योऽस्मि नाम्नाहमरिष्टनेमिः’ अशी करून देतो आणि गुरे मोजण्याचे व राखण्याचे काम मागतो. गुरे सुखरूप राखणाऱ्याने हे नाव सांगावे, यात मला औचित्य दिसते. दुसरा संदर्भ वनपर्वातला. हैहय कुळातल्या एका राजपुत्राने काळवीट समजून मृगाजिन पांघरलेल्या मुनीला बाण मारला. अपराध सांगायला सगळे अरिष्टनेमी तार्क्ष्याच्या आश्रमात गेले, तर त्याने आपला तो पुत्र जिवंत उभा करून दाखवला आणि सांगितले की, आम्ही सत्यच जाणतो, असत्याकडे मन वळवत नाही, स्वधर्माने वागतो, म्हणून आम्हाला मृत्यूचे भय नाही. ज्याच्या नावाची आपण चर्चा करत आहोत, त्याच्या घरी मरण आले आणि रिकाम्या हाताने परत गेले.

लेखनिक

अर्थाविषयी माझ्याकडे भर घालण्यासारखे काही नाही. लेखन आणि नोंदणी यांविषयी थोडे लिहितो, कारण प्रत्यक्षात अडचण तिथेच येते.

संस्कृतात ‘नेमि’ ऱ्हस्व आहे. मराठीच्या शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे इकारान्त तत्सम शब्दाचा शेवटचा स्वर दीर्घ लिहितात, म्हणून स्वतंत्र नाव ‘अरिष्टनेमी’ किंवा ‘नेमी’ असेच लिहावे. समासाच्या आरंभी आला की तोच शब्द पुन्हा ऱ्हस्व होतो, जसे ‘नेमिनाथ’. ‘कवी’ आणि ‘कविराज’ यांचे जसे होते, तसेच हे. इंग्रजी अक्षरांत काय लिहायचे ते एकदा ठरवून टाकावे आणि पुढे कोणत्याही कागदावर ते बदलू नये. जोडाक्षरे असलेल्या नावांचे तीन कागदांवर तीन अवतार झाल्याची उदाहरणे मी रोज पाहतो.

घाई करण्याचे कारण नाही. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याखाली जन्माची नोंद २१ दिवसांत द्यायची असते, परंतु ती नावाशिवायही होते. नाव नंतर घालता येते; १२ महिन्यांच्या आत घातले तर शुल्क लागत नाही आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून घालता येते.

आता शास्त्राचीच चर्चा चालली आहे म्हणून गृह्यसूत्रांचे, म्हणजे घरगुती संस्कार सांगणाऱ्या जुन्या ग्रंथांचे, नियमही पाहायला हरकत नाही. पारस्कर गृह्यसूत्र सांगते की, मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे, त्याचा आरंभ घोष वर्णाने (ग, द, न, ब यांसारख्या नादयुक्त व्यंजनाने) व्हावा, मध्ये य, र, ल, व यांपैकी एखादा वर्ण असावा. मुलग्यांच्या नावाची अक्षरे सम असावीत, हे आश्वलायनानेही म्हटले आहे. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी व्याकरण शिकण्याची प्रयोजने सांगताना याच नियमांचा दाखला दिला आहे. व्याकरण येत नसेल तर मुलाचे नाव तरी कसे ठेवणार, असा त्याचा सवाल आहे. या कसोटीवर ‘अरिष्टनेमि’ पाच अक्षरांचे, म्हणजे विषम निघते. ‘नेमि’ दोन अक्षरांचे आहे आणि ‘न’ हा घोष वर्णही आहे. मधला य-र-ल-व मात्र त्यात नाही. अर्थात हे नियम काटेकोर लावायचे ठरवले, तर तीन अक्षरांचे ‘गणेश’ हे नावही बसणार नाही, म्हणून यावरून कोणी झोप घालवू नये.

‘चाकाचा घेर अभंग’ हा अर्थ हवा असेल आणि अरिष्ट नको असेल, तर उज्जयंत यांनी उल्लेखलेले ‘दृढनेमी’ हे नाव विचारात घ्यावे. ते फक्त जैन परंपरेतलेच नाही. दीघनिकाय या बौद्धांच्या पाली ग्रंथात धर्माने राज्य करणाऱ्या एका चक्रवर्ती राजाचे नाव ‘दळ्हनेमि’ आहे, म्हणजे दृढनेमीच. उच्चाराला ते थोडे जड आहे, हे मान्य.

पंचांगवाचक

‘दृढनेमी’वर माझा आक्षेप नाही. ‘नेमी’वर तर मुळीच नाही. फक्त एक सांगतो, जुनी मंडळी ‘नेहमी’ या अर्थी ‘नेमी’ म्हणतात, त्यामुळे खेड्यातल्या एखाद्या आजोबांनी “हा नेमीच येतो का?” असे विचारले तर गोंधळ होऊ देऊ नका. सूतिकागृहाचा अर्थ मला ठाऊक नव्हता, हे मान्य करतो.

नवपालक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतकी सविस्तर माहिती मिळेल अशी अपेक्षा नव्हती.

काल रात्री जेवणे झाल्यावर मी आईला सगळी उत्तरे वाचून दाखवली. पाणिनीच्या सूत्राने तिच्यावर काही परिणाम झाला नाही. नारळ ‘वाढवण्या’चा दाखला तिला पटला, पण ती म्हणाली, “म्हणजे आधी कोणीतरी घाबरूनच हे नाव दिले ना?” सहदेवाचा संदर्भ तिला आवडला. मरण परत गेल्याची कथा तिने दोनदा वाचायला सांगितली. बाळंतिणीच्या खोलीचा अर्थ सांगितला, तेव्हा मात्र ती हसली आणि जिथे बाळ-बाळंतीण झोपली होती, त्या दाराकडे तिने पाहिले.

“मग ते अरिष्ट त्या खोलीतच राहू दे,” ती म्हणाली. “बाहेर येताना पोराने नुसते चाक घेऊन यावे.”

दाखल्यावर ‘नेमी’ हे नाव नोंदवायचे आम्ही ठरवले आहे. अथर्वशीर्ष आता मी म्हणतो. पूर्ण नाव त्याला त्यातून रोज ऐकू येईल.